वाळूवरचे बिऱ्हाड

१९३९ सालच्या २६ जानेवारीला आपल्याकडे गावोगाव प्रभातफेऱ्या निघाल्या होत्या. तेव्हा तो प्रजासत्ताकदिन नव्हता. १९३० पासून काँग्रेसच्या सांगण्यावरून लोक त्या दिवशी तिरंगा फडकावीत आणि पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेत. नेमक्या त्याच दिवशी युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला एका प्रजासत्ताकाचा कणा मोडत होता. जनरल फ्रँकोचे सैन्य स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात शिरत होते, आणि शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जिकडे पाहावे तिकडे माणसेच माणसे चालत होती.

बार्सिलोनापासून फ्रान्सची सरहद्द सुमारे शंभर मैल. मुंबईहून निघून पुणे गाठावे इतकेच अंतर; पण ते चालून जायचे होते, ऐन हिवाळ्याच्या पावसात आणि पिरनीज पर्वतावरून उतरणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात. ज्यांना लष्कराच्या मालमोटारीत जागा मिळाली ते नशीबवान. बाकीच्यांनी खेचरांच्या गाड्या, हातगाड्या, मुलांच्या बाबागाड्या, जे म्हणून चाकावर चालेल ते बाहेर काढले. कोणाच्या डोक्यावर गादी, कोणाच्या पाठीवर शिवणाचे यंत्र, कोणाच्या काखेत कोंबडी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो खरे, पण विंचवाला आपले बिऱ्हाड वाटेत टाकावे लागत नाही. इथे जसजसा चढ लागला तसतशा गाद्या, पेट्या, यंत्रे रस्त्याच्या कडेला पडू लागली. अधूनमधून इटलीची आणि जर्मनीची विमाने येत, आणि माणसे खंदकांत आडवी होत.

हे युद्ध काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. १९३६ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये निवडणूक होऊन डाव्या व मध्यममार्गी पक्षांची आघाडी सत्तेवर आली. जुलैमध्ये काही सेनापतींनी तिच्याविरुद्ध बंड केले. हिटलर आणि मुसोलिनी यांनी बंडखोरांना विमाने दिली, सैनिक दिले. रशियाने सरकारला शस्त्रे दिली. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी ‘आम्ही मध्ये पडणार नाही’ असा पवित्रा घेतला. अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. पण हवेतून शहरे भाजून काढण्याचे तंत्र फ्रँकोच्या पाठिराख्यांनी जसे वापरले तसे युरोपने त्याआधी पाहिले नव्हते. जून १९३८ मध्ये पंडित नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला जाऊन आले होते, त्यांनी ते बॉम्बहल्ले अनुभवले.

मराठी माणसाचाही या युद्धाशी संबंध आला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह, लंडनला शिकायला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ असे नाव घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला स्पेनमध्ये दाखल झाले! १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि एका जुन्या मठात केलेल्या तुरुंगात काही महिने काढून सुटले. दुसरा धागा सोलापूरपर्यंत पोचतो. १९३७ च्या फेब्रुवारीत मालागा शहर पडले तेव्हा लाखभर माणसे समुद्रकाठच्या एकाच रस्त्याने आल्मेरियाकडे पळत सुटली, आणि त्या रस्त्यावर समुद्रातून जहाजांनी तोफा डागल्या. त्या गर्दीतून आपली रुग्णमोटार पुन्हा पुन्हा फिरवून मुलांना नि जखमींना उचलणारा कॅनडाचा डॉक्टर म्हणजे नॉर्मन बेथ्यून. पुढे तो चीनमध्ये गेला आणि तिथेच वारला; त्याच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी सांभाळली. कोटणीसांना चीनला नेणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल हेही आधी स्पेनमध्ये काम करून आलेले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पाहताना ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना त्या कहाणीची एक मुळी मालागाच्या रस्त्यावर आहे याची कल्पना नसेल.

असो. आपण सरहद्दीकडे जाऊ.

फ्रान्सचे सरकार बुचकळ्यात पडले होते. देशात मंदी, परदेशी माणसांची संख्या आधीच लाखांनी मोजावी अशी, उजव्या गटांची वर्तमानपत्रे ‘लाल गुंड येत आहेत’ म्हणून ओरडत होती. स्पेनच्याच हद्दीत एक तटस्थ पट्टा आखावा आणि निर्वासितांनी तिथे राहावे अशी सूचना फ्रान्सने करून पाहिली. फ्रँकोने ती फेटाळली. मग २७ जानेवारीच्या रात्री दार किलकिले झाले. प्रथम बायका, मुले आणि म्हातारी माणसे, नंतर जखमी, ५ फेब्रुवारीपासून सैनिकही. ल पेर्तुस नावाच्या गावात सरहद्द भर रस्त्यातून जाते. तिथे सैनिकांनी बंदुका खाली ठेवल्या आणि त्यांचे डोंगर साचले. एका शेतकऱ्याने मुठीत आपल्या गावची माती घट्ट धरली होती आणि फ्रेंच शिपायाने ती मूठ उघडायला लावली, असे तिथे हजर असलेल्या एका जर्मन लेखकाने लिहून ठेवले आहे. ९ फेब्रुवारीला फ्रँकोचे सैनिक ल पेर्तुसला पोचले आणि सरहद्दीवर त्यांचे निशाण लागले. त्याच दिवशीच्या तारखेने फ्रँकोने एक कायदा केला: ज्यांनी प्रजासत्ताकाची बाजू घेतली ते सगळे गुन्हेगार, आणि तेही १९३४ पासूनच्या वर्तनाबद्दल! परत यायचे तर काय वाढून ठेवले आहे, ते असे लेखी कळले.

पंधरा-वीस दिवसांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पलीकडे गेली. ज्या जिल्ह्यात ती उतरली त्या जिल्ह्याची स्वतःची वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात होती. घरात चार माणसे असावीत आणि दारात आठ पाहुणे उभे राहावेत, तसे हे झाले. मार्च १९३९ मध्ये फ्रान्सच्या लोकसभेपुढे आलेल्या अहवालात एकंदर आकडा ४,४०,००० दिला आहे; त्यांत १,७०,००० बायका, मुले आणि वृद्ध होते. फ्रान्सने दार उघडले नसते तर यांतल्या कितीजणांची हाडे पिरनीजमध्ये राहिली असती याचा विचार केला म्हणजे फ्रान्सला सरसकट नावे ठेवायला जीभ रेटत नाही. पण दार उघडणे निराळे आणि घरात घेणे निराळे. आत आलेल्या माणसाला बसायला पाट द्यावा लागतो, तांब्याभर पाणी द्यावे लागते.

सरहद्द ओलांडताच पहिली गोष्ट झाली ती अशी: कुटुंबे फोडण्यात आली. पुरुष एकीकडे, बायका-मुले दुसरीकडे. बायका-मुलांना आगगाडीत बसवून फ्रान्सच्या दूरदूरच्या जिल्ह्यांत धाडण्यात आले. गाडी कुठे चालली आहे हे त्यांना ठाऊक नसे. शिपायांना स्पॅनिश येत नव्हते आणि या लोकांना फ्रेंच येत नव्हते. ‘चला, चला’ या अर्थाचा फ्रेंच शब्द कानाला ‘आले, आले’ असा ऐकू येतो. आपल्याकडे ही अक्षरे पाहुण्यांच्या स्वागताची. पण त्या पिढीच्या स्पॅनिश माणसांना ती मरेपर्यंत विसरता आली नाहीत, कारण त्यांच्यामागे काठी असे. त्यांच्या खिशातल्या प्रजासत्ताकाच्या नोटा त्या दिवसांत नुसते कागद झाल्या होत्या. नवरा कुठल्या छावणीत आणि बायको कुठल्या गावी, हे कळायला कित्येकांना महिने लागले. वर्तमानपत्रांतून ‘अमक्याचा शोध’ अशा जाहिरातींचे रकाने भरू लागले.

पुरुषांना, आणि ज्यांनी साथ सोडायचे नाकारले अशा बऱ्याच बायकांनाही, समुद्रकिनाऱ्यावर नेण्यात आले. आर्जलेस, सँ-सिप्रियाँ, ल बार्कारेस या तीन गावांच्या पुळणींवर. फ्रान्सचे गृहमंत्री साऱो यांनी पत्रकारांना सांगितले होते की, आर्जलेसची छावणी हा तुरुंग नव्हे, ही ‘एकत्रीकरणाची छावणी’ आहे, कॉन्संट्रेशन कँप. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. या शब्दाला पुढच्या पाचसहा वर्षांत जो वास येणार होता तो त्या वेळी त्यांना आला नसेल, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

छावणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तंबू येतात, निदान पत्र्याच्या चाळी येतात. आर्जलेसला पहिल्या दिवसांत त्यांपैकी काही नव्हते. तीन बाजूंना काटेरी तारा आणि चौथ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळू. एवढीच छावणी! तारांबाहेर पहाऱ्याला फ्रान्सच्या वसाहतींतले शिपाई, सेनेगालचे पायदळ आणि उत्तर आफ्रिकेचे घोडेस्वार. गुलामीतल्या माणसांना हद्दपार माणसांवर पहारा करायला बसवण्याची ही साम्राज्यांची जुनी हिकमत आपल्याला परकी नाही. ऐन थंडीत ‘त्रामोंताना’ नावाचा वारा वाहे आणि वाळू उडून डोळ्यांत, जखमांत, भाकरीत जाई. लोकांनी हातांनी वाळूत खड्डे खणले आणि तीनतीन-चारचार माणसे एका घोंगडीखाली त्यात निजू लागली. पाव मालमोटारीतून गर्दीत फेकला जाई. ज्याच्या हाती लागला त्याचा. वाळूत पंप ठोकून जे पाणी निघे ते मचूळ असे, आणि शौचाला जागा म्हणजे समुद्राचा काठ. भूमध्य समुद्राला आपल्या कोकणासारखी भरती-ओहोटी नसते, त्यामुळे घाण धुऊन जात नसे आणि तीच पाण्यात झिरपे. हगवण, खरूज, न्यूमोनिया. ऐन गर्दीच्या दिवसांत एकट्या आर्जलेसला लाखभर माणसे होती. मार्चमध्ये रॉबर्ट कापा हा प्रख्यात छायाचित्रकार तिथे येऊन गेला. त्याच्या छायाचित्रांतले ते वारा खाणारे चेहरे आजही पाहायला मिळतात.

याच सुमारास माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली वेलास्केझ नि गोया यांची चित्रे मालमोटारींतून हीच सरहद्द ओलांडून आली. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली होती, रीतसर करार झाला होता, आणि फेब्रुवारीच्या मध्याला ती जिनीव्हात राष्ट्रसंघाच्या इमारतीत सुखरूप पोचली. चित्रे वाचली याचा आनंदच आहे. पण छपराची सोय आधी कोणाची झाली हेही नोंदवून ठेवावेसे वाटते.

मग माणसांनी काय केले? माणसे जे करतात तेच. फळकुटे आली तशा त्यांनी स्वतःच बराकी बांधल्या. वाळूतल्या पायवाटांना माद्रिद-बार्सिलोनाच्या रस्त्यांची नावे दिली. साबण, सिगारेटी आणि कपडे यांचा चोरटा बाजार उभा राहिला. शाळामास्तरांनी निरक्षर सैनिकांसाठी वर्ग काढले, वाळूच्या पाटीवर अक्षरे गिरवून घेतली. हाताने लिहिलेली नियतकालिके निघाली.

आर्जलेसपासून तीन-चार मैलांवर कोल्यूर नावाचे कोळ्यांचे टुमदार गाव आहे. तिथल्या एका लहान हॉटेलात २८ जानेवारीला आंतोनियो माचादो येऊन उतरला. वय त्रेसष्ट, स्पेनचा फार मोठा कवी. आणि व्यवसायाने शिक्षक, तोही फ्रेंच भाषेचा! जन्मभर जी भाषा शिकवली तिच्या देशात तो भर पावसात पायी शिरला, आणि त्याची बॅग मागे राहिली. बरोबर चौऱ्याऐंशी वर्षांची आई, भाऊ नि भावजय. आई वाटेत विचारीत होती म्हणे, की आता सेव्हिल लवकर येईल ना. सेव्हिल हे तिचे तरुणपणचे गाव. हॉटेलात दोघे भाऊ जेवायला कधी एकदम येत नसत. चांगला सदरा धुऊन वाळेपर्यंत एकाला खोलीत थांबावे लागे, असे तिथले लोक सांगत. २२ फेब्रुवारीला माचादो गेला, आणि तीन दिवसांनी आईही गेली. गावातल्या एका बाईने रातोरात प्रजासत्ताकाचे निशाण शिवून दिले. किल्ल्यात अडकवून ठेवलेल्या स्पॅनिश सैनिकांनी तिरडीला खांदा दिला. त्याच्या थडग्यापाशी आता एक टपालपेटी आहे. जगभरचे लोक तिच्यात माचादोला पत्रे टाकून जातात.

आता एका बाईविषयी सविस्तर लिहायचे आहे.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. आई डिंकाचे लाडू करते, बाळंतिणीची खोली शेकून ऊबदार ठेवते, सव्वा महिना तिला कामाला हात लावू देत नाही. आर्जलेस आणि सँ-सिप्रियाँच्या वाळूतही बायका गरोदर होत्या. दिवस भरले की त्यांना जागा कुठली, तर पेर्पिन्याँ गावची घोड्यांची पागा. तिथल्या गवतावर कित्येक मुले जन्मली आणि त्यांतली कित्येक थोड्याच दिवसांत गेली. हे एलिझाबेथ आयडेनबेन्झ या स्विस तरुणीने पाहिले. ती पेशाने शिक्षिका, वय सव्वीस, परिचारिकेचे शिक्षण झालेले नाही. मुलांना मदत करणाऱ्या एका स्विस संस्थेच्या वतीने १९३७ पासून स्पेनमध्ये दूध नि कपडे वाटत होती. जवळच एल्न गावाबाहेर एक जुना, पडीक, वर काचेचा घुमट असलेला वाडा होता. तिने स्वित्झर्लंडहून पैसे मिळवले, वाडा दुरुस्त करून घेतला, आणि डिसेंबर १९३९ मध्ये तिथे पहिले मूल जन्मले.

दिवस भरत आले की बाईला छावणीतून गाडीत घालून आणावयाचे. बाळंतपण होऊन अंगात ताकद येईपर्यंत ठेवून घ्यायचे. खोल्यांना स्पेनमधल्या शहरांची नावे दिलेली. बायका आळीपाळीने स्वयंपाक करीत, एकमेकींची मुले पाहत, बागेत भाजी लावीत, आणि संध्याकाळी आपापल्या मुलुखाची गाणी म्हणत. माहेर म्हणजे आणखी काय असते? फरक इतकाच, की इथून सासरी जायचे म्हणजे पुन्हा काटेरी तारांत जायचे. म्हणून आयडेनबेन्झबाई काही ना काही सबब काढून बायकांचा मुक्काम लांबवीत.

१९४० मध्ये फ्रान्स पडले आणि पाहुण्यांत भर पडली ती नाझींच्या तावडीतून निसटलेल्या ज्यू बायकांची. त्यांची नावे कळली असती तर त्यांची पाठवणी मृत्यूच्या छावणीत झाली असती. बाईंनी कागदांवर त्यांना स्पॅनिश नावे दिली. १९४४ मध्ये जर्मन लष्कराने वाडा रिकामा करायला लावला तोवर तिथे ५९७ मुले जन्मली होती. पुढे पन्नासएक वर्षे ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. बाईंनी कधी सांगितली नाही. तिथेच जन्मलेल्या एका ज्यू गृहस्थाने शोध घेऊन ती उजेडात आणली, आणि २००२ मध्ये इस्रायलने त्यांचा गौरव केला. २०११ मध्ये, शंभरीला दोन-तीन वर्षे उरली असताना, त्या वारल्या.

सरकारांपैकी ज्यांचे नाव आदराने घ्यावे असे सरकार दूरचे निघाले. मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी स्पॅनिश निर्वासितांना बोलावून घेतले; एकंदर वीसेक हजार माणसे तिकडे गेली. १३ जून १९३९ रोजी ‘सिनाइया’ जहाज सोळाशे माणसे घेऊन व्हेराक्रूझला लागले. या जहाजावर प्रवासात रोजचे वर्तमानपत्रही निघत असे! विद्वानांसाठी मेक्सिकोने एक संस्था काढली, तीच पुढे ‘कोलेजिओ दे मेक्सिको’ म्हणून नावारूपाला आली. चिलीने पाब्लो नेरुदा या कवीला खास अधिकारी नेमून पॅरिसला धाडले. त्याने ‘विनिपेग’ नावाचे जुने मालवाहू जहाज मिळवले, त्यात लाकडी फळ्यांचे माळे घालून घेतले, आणि ४ ऑगस्टला सुमारे बावीसशे माणसे त्यातून रवाना केली. ३ सप्टेंबरला, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सने जर्मनीशी युद्ध पुकारले त्या दिवशी, ती वाल्पारैसोला उतरली. त्या जहाजातल्या प्रवाशांपैकी होसे बालमेस नि रोसेर ब्रू यांची नावे पुढे चिलीच्या चित्रकलेत अग्रभागी आली.

फ्रान्समध्ये उरलेल्यांपैकी पुष्कळांना ‘परत जा, परत जा’ म्हणून भुणभुण लावण्यात आली, आणि १९३९ अखेरपर्यंत निम्म्याहून अधिक लोक स्पेनला परतले. तिथे कोणाला तुरुंग मिळाला, कोणाला गोळी. महायुद्ध पेटताच मात्र फ्रान्सला एकाएकी या ‘नको असलेल्या’ माणसांचे मोल कळले. हजारोंना मजूरपथकांत घालून तटबंदीच्या कामावर पाठवले. तिथे ते जर्मनांच्या हाती लागले, आणि फ्रँकोच्या सरकारने ही आपली माणसे म्हणून सांगितले नाही. माउटहाउझेन या ऑस्ट्रियातल्या छावणीत सात हजारांवर स्पॅनिश माणसे गेली. तिथल्या दगडाच्या खाणीला १८६ पायऱ्या होत्या. तीनांतली दोन परत आली नाहीत. ऑगस्ट १९४० मध्ये आंगुलेमहून ९२७ निर्वासितांची एक अख्खी गाडी तिकडे गेली. गाडी माउटहाउझेनला थांबली. तेरा वर्षांवरच्या मुलांना आणि पुरुषांना उतरवून घेतले, आणि बायका-मुलांना त्याच गाडीने थेट फ्रँकोच्या स्पेनमध्ये नेऊन सोडले. दीड वर्षापूर्वी सरहद्दीवर झालेली ताटातूट पुन्हा झाली, आणि या खेपेला बहुतेकांच्या बाबतीत ती कायमची.

आणि तरीही २४ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी मित्रराष्ट्रांची जी पहिली तुकडी पॅरिसच्या नगरभवनापाशी पोचली, तिच्यात बहुसंख्य सैनिक स्पॅनिश होते. त्यांच्या चिलखती गाड्यांवर नावे रंगवली होती: ग्वादालाहारा, तेरुएल, एब्रो. ही सगळी स्पेनमधल्या लढायांची ठिकाणे. वाळूत झोपलेल्यांपैकीच काहीजण त्यांत होते. पॅरिसनंतर माद्रिद, अशी त्यांची समजूत होती. दोस्तांनी माद्रिदकडे मोर्चा वळवलाच नाही. फ्रँको १९७५ पर्यंत गादीवर राहिला आणि अंथरुणात मेला.

स्पेनने २००७ च्या एका कायद्याने या परागंदा लोकांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वाची वाट खुली केली, आणि २०२२ च्या कायद्याने ती आणखी रुंद केली. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ कोल्यूरला माचादोच्या थडग्यावर आणि मग आर्जलेसच्या किनाऱ्यावर गेले. ऐंशी वर्षांत त्या पदावरचा माणूस तिथे पहिल्यानेच येत होता. झाला प्रकार फार पूर्वीच मान्य करून स्पेनने क्षमा मागायला हवी होती, असे ते म्हणाले. ऐकायला काही पांढऱ्या केसांची माणसे होती. १९३९ मध्ये ती आईच्या कडेवर होती.

आर्जलेसला आता उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. रंगीत छत्र्या, आइस्क्रीमच्या गाड्या, पाण्यात ओरडणारी मुले. गावात एक लहानसे संग्रहालय आहे, किनाऱ्यावर एक दगडी स्मारक आहे. सुटीला आलेली माणसे वाळूत किल्ले करतात.